‘स्वल्प अड्जस्ट माडि’ आणि गाडीचा सायलेन्सर

आपल्या भागात दोन भाषा नांदतात आणि एक वाक्य दोन्हीकडे सारखेच चालते : ‘स्वल्प अड्जस्ट माडि’. तिघांच्या बाकावर टेकणारा चौथा हे म्हणतो, लग्नाच्या पंगतीत जागा कमी पडली की यजमान म्हणतात, आणि नव्या सुनेला तर दोन्हीकडची वडीलधारी मंडळी आळीपाळीने हेच ऐकवतात. मराठी माहेर आणि कानडी सासर, किंवा त्याच्या उलट, अशा घरांचे निम्मे सुख या तीन शब्दांवर उभे आहे. म्हणून या वाक्याला मी नावे ठेवणार नाही. मात्र एक जागा अशी आहे, की तिथे हे वाक्य कानावर पडले तर मान डोलवण्याआधी दोन प्रश्न जरूर विचारावेत. ती जागा म्हणजे गॅरेज, आणि त्यातही गाडीच्या पोटाखालचा सायलेन्सर.

सायलेन्सर हा काय कुटुंबाच्या पानावरचा विषय झाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु ज्या गाडीत आपण नातवंडांना मांडीवर घेऊन बसतो, तिच्या पायाखालून विषारी वायूची एक नळी जात असते. ती कुठे जोडली आहे आणि कशी जोडली आहे, हे घरातल्या एखाद्याला तरी ठाऊक असावे. आपण घरातल्या गॅसच्या शेगडीची नळी तपासतो, मग हिला का वगळायचे?

एका घरची गोष्ट

आमच्या ओळखीचे एक कुटुंब आहे. वडील खानापूर तालुक्यातले, आई धारवाडकडची, मुलगी गोव्यात दिलेली. त्यामुळे चोर्ला घाटातून महिन्या-दोन महिन्यांनी फेरी ठरलेली. गाडी जुनी, लहान, पेट्रोलवरची, पण जिवापाड जपलेली. पावसाळ्यानंतर तिचा सायलेन्सर गंजून फुटला आणि गाडी ट्रॅक्टरसारखी बोलू लागली. कंपनीचा सुटा भाग लवकर मिळेना, म्हणून बाजारातून बाहेरच्या बनावटीचा आणला आणि एका गॅरेजात बसवून घेतला. बसवताना तो नीट जुळत नव्हता. पण कारागीर म्हणाला, ‘आगतैति बिड्री, अड्जस्ट करतो.’ आणि त्याने तो केलाही. आवाज बंद झाला, सगळे खूश झाले.

त्यानंतर गोव्याला जाताना दर खेपेला आजींचे डोके दुखू लागले. घाटातली वळणे लागतात, असे सगळ्यांनी ठरवले. आजींच्या पिशवीत आलेपाक आणि लिंबू आले. तिसऱ्या खेपेला पाऊस होता, काचा बंद होत्या. मागच्या बाकावरचा सहा वर्षांचा नातू नेहमी घाटभर बडबड करणारा, तो घाट लागायच्या आधीच पेंगू लागला आणि उठवल्यावर ओकला. आजींना गरगरत होते. गाडी थांबवून सगळे बाहेर आले, अर्ध्या तासात बरे वाटले. तेव्हा आई म्हणाली, ‘घाट अजून यायचाच आहे, मग लागले काय?’

या एका प्रश्नाने सगळे वाचले. काचा उघड्या ठेवून, हळूहळू ती मंडळी माघारी आली आणि दुसऱ्या दिवशी गाडी एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. मीही सोबत गेलो होतो. गाडी खड्ड्यावर घेऊन त्यांनी बॅटरी मारली आणि आम्हाला खाली बोलावले. पुढच्या जोडाभोवती काजळीचा काळा पट्टा उमटला होता. नळीची तबकडी आणि इंजिनाकडची तबकडी एकमेकींना सपाट टेकलेली नव्हती. एका बाजूला त्या बोल्टने ओढून भिडवल्या होत्या, दुसऱ्या बाजूला नखाएवढी फट होती. त्यात भर म्हणजे गिअरच्या दांड्याखालचे रबर फाटलेले होते. खालून निसटणारा धूर सरळ गाडीत येत होता.

मिस्त्री आजींशी कानडीत बोलत होते, माझ्याशी मराठीत. मला म्हणाले, ‘सर, हे बसलेलं नाही. बोल्टानं ओढून धरलंय. चांगल्या रस्त्यावर गप्प राहतं, खराब रस्ता लागला की सुटतं.’ आजींना म्हणाले, ‘कुंद्रंगिल्ल री अज्जी, इदु कुंद्रंगिल्ल.’ बसत नाही, हे बसतच नाही. मी भाषेचा मास्तर असल्यामुळे माझ्या लगेच लक्षात आले, की सुटा भाग जुळतो तेव्हा मराठीत तो ‘बसतो’ आणि आपल्याकडच्या कानडीतही बसतोच. माणूस बसतो तेव्हा त्याच्या अंगावर ताण नसतो. यंत्राच्या भागाचेही तसेच आहे. ओढून, दाबून, वाकवून जो धरून ठेवावा लागतो, तो बसलेला नसतो.

पोटाखाली काय असते

आपण सगळ्यालाच सायलेन्सर म्हणतो, पण ती एक रांग असते. इंजिनाला लागून ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड. त्याला जोडलेली पुढची नळी. मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा. त्यात चिनीमातीसारख्या पदार्थाची मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. विषारी वायूंचे कमी घातक वायूंत रूपांतर करणे हे त्याचे काम. काही गाड्यांत हा डबा मॅनिफोल्डलाच चिकटून असतो. त्यामागे मधली नळी, मग आवाज गिळणारा मोठा डबा, म्हणजे खरा सायलेन्सर, आणि शेवटी बाहेर डोकावणारे शेपूट. ही सगळी रांग गाडीला बोल्टने घट्ट बांधलेली नसते. ती रबराच्या कड्यांत टांगलेली असते.

टांगण्याचे कारण सोपे आहे. चालू इंजिन हलते, वेग देताना आणि सोडताना पुढेमागे डुलते. शिवाय नळी तापली की वाढते. अडीच मीटर लांबीची पोलादी नळी सरासरी दोनशे अंशांनी तापली, तर सुमारे सहा मिलिमीटर लांब होते. घर ते बाजार एवढ्या फेरीतही ती थोडी लांबते आणि थंड झाल्यावर आखडते. हे लांबणे-आखडणे आणि इंजिनाचे डुलणे रबरांनी सोसायचे असते. बऱ्याच गाड्यांत पुढच्या जोडाला स्प्रिंग लावलेले दोन बोल्ट असतात, तेही याचसाठी. कंपनीने ‘अड्जस्ट’ करण्याची सोय केलेली आहे, पण ती ठरावीक जागी. ती जागा सोडून भलत्याच ठिकाणी जुळवाजुळव केली, की ताण जातो तो सर्वांत कमजोर जागेवर.

आता गंजाचे. एक लिटर पेट्रोल जळले, की वाफेच्या रूपाने जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. लांबचा प्रवास असेल तर नळी तापते आणि वाफ निघून जाते. पण शाळा, बँक, भाजी अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत डबा पुरता तापतच नाही, पाणी आतच साचते. त्यामुळे सायलेन्सर बाहेरून ठीक दिसतो आणि आतून कुजलेला असतो. त्यात आपला खानापूर-बेळगावचा पाऊस आणि लाल चिखल. गोव्यात किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना खारी हवा. ‘गाडी फारशी वापरत नाही, तरी सायलेन्सर गेला’ अशी तक्रार करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की फारशी वापरत नाही म्हणूनच तो लवकर गेला.

नवा भाग बसत का नाही

बाजारात तीन प्रकार मिळतात. एक, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला. दुसरा, दुसऱ्या एखाद्या कारखान्याने स्वतःच्या नावाने बनवलेला. आणि तिसरा, कंपनीचे खोटे खोके घालून विकलेला. तिसऱ्याबद्दल बोलायलाच नको. पण दुसरा प्रकार मुळात वाईट नाही. आपल्या उद्यमबागेत यंत्रांचे सुटे भाग ओतणारे, कातणारे कारखाने आहेत. बाहेरची बनावट म्हणजे हलकी बनावट, असे बेळगावकराने तरी म्हणू नये. अडचण निराळी आहे.

पहिली अडचण नावाची. एकाच नावाची गाडी दहा-पंधरा वर्षे विकली जाते. मधल्या काळात इंजिन बदलते, प्रदूषणाचे नियम बदलतात, कन्व्हर्टरची जागा सरकते, दोन बोल्टांची तबकडी तीन बोल्टांची होते. दुकानात नुसते गाडीचे नाव सांगून भागत नाही. बनावटीचे वर्ष, इंजिनाचा प्रकार आणि शक्य तर चासी नंबर सांगावा. आरसी बुकाची झेरॉक्स दाखवली तर उत्तम. बाहेरचे कारखाने अनेकदा एकच भाग चार प्रकारच्या गाड्यांना चालेल अशा बेताने बनवतात. म्हणजे तो चौघांनाही थोडाथोडा सैल.

दुसरी अडचण बाकाची. नळी यंत्रावर वाकवतात आणि साच्यात धरून वेल्डिंग करतात. साचा झिजला, की कोन किंचित चुकतो. पुढच्या जोडावर फक्त एका अंशाचा फरक पडला, तर दोन मीटर मागे तो साडेतीन सेंटीमीटरचा होतो. पुढे डोळ्यांना दिसतही नाही आणि मागे डबा थेट गाडीच्या पत्र्याला टेकतो. म्हणून मागे खडखड होत असेल, तर तिचे मूळ कित्येकदा पुढे असते.

तिसरी अडचण कोणी सांगत नाही, ती म्हणजे खुद्द आपली गाडी. इंजिन ज्या रबरांवर बसते, ती माउंटिंगची रबरे वयोमानाने दबतात आणि इंजिन काही मिलिमीटर खाली उतरते. कधीकाळी मागून ठोकर बसलेली असते आणि टांगायचा हुक वाकलेला असतो. जुनी नळी त्या वाकडेपणाशी वर्षानुवर्षे जुळवून घेत आलेली असते. नवी नळी सरळ असते, म्हणूनच ती बसत नाही! दोष नव्या माणसाचा की जुन्या घराचा, हे न तपासता नव्याला वाकवायचे, हा प्रकार केवळ गॅरेजात होतो असे नाही. असो.

त्या मिस्त्रींनी नेमके हेच केले. नव्या नळीला हात लावण्याआधी इंजिनाचे माउंटिंग पाहिले. एक रबर पार दबले होते. ते बदलल्यावर निम्मा फरक तिथेच मिटला.

बसवण्याची रीत

काम त्यांनी दोन दिवसांवर घेतले. आदल्या संध्याकाळी जुन्या नट-बोल्टांना गंज सोडवणारे तेल मारून ठेवले. ओतीव लोखंडाच्या मॅनिफोल्डमध्ये बसवलेले स्टड वर्षानुवर्षे तापून-गंजून एकजीव झालेले असतात. घाईने पाना फिरवला, तर तो आतच तुटतो आणि मग ड्रिल करून काढणे हे सायलेन्सरपेक्षा मोठे काम होऊन बसते. ‘तडी री’, थांबा, हा शब्द त्या दिवशी मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकला असेन!

दुसऱ्या दिवशी जुना आणि नवा असे दोन्ही भाग जमिनीवर शेजारी शेजारी मांडले. लांबी, वळणे, हुकांच्या जागा, तबकडीची भोके, भोकांमधले अंतर सुतळीने आणि पट्टीने मोजले. ही पाच मिनिटांची गोष्ट आहे आणि ती दुकानातच करता येते. भाग एकदा गाडीला लावून, घासून, कापून वा वेल्डिंग करून झाला, की कोणताही दुकानदार तो परत घेणार नाही. मांडून पाहिल्यावर लक्षात आले, की दुकानातून मिळालेली पुढची नळी त्याच नावाच्या, पण वेगळ्या वर्षाच्या गाडीची होती. वाकवून तिचा कोन जुळवण्यात अर्थ नव्हता. योग्य नळी मागवली.

मग टांगणी. सगळी रबरे नवी घातली. जुन्या ताणलेल्या रबरांत नवा डबा टांगणे म्हणजे पहिल्या खड्ड्यात तो खाली आपटण्याची व्यवस्था. पुढून मागपर्यंत सगळे बोल्ट फक्त हाताने फिरवले, पाना लावलाच नाही. संपूर्ण रांग सैल टांगून ठेवली आणि हाताने थोडी हलवली. मिस्त्री म्हणाले, ‘प्रत्येकाला आपली जागा घेऊ दे, मग आवळायचं.’ त्यानंतर नळीच्या सगळ्या बाजूंनी बोट फिरते का ते पाहिले. पत्रा, ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, हँडब्रेकची तार यांपासून तर अंतर हवेच हवे. जॅकवर गाडीची चाके लोंबतात आणि जमिनीवर दबतात, त्यामुळे मागच्या धुऱ्याशी दोन्ही स्थितींत अंतर राहते का, हेही बघितले.

मग आवळायला सुरुवात केली ती इंजिनाकडून. आधी पुढचा जोड, मग मधला, शेवटी मागचा. पुष्कळ ठिकाणी घाईत हे उलटे होते. आधी मागचा डबा घट्ट बसवायचा आणि मग पुढची तबकडी बोल्टने ओढून भिडवायची. असे केले, की सगळा ताण पुढच्या जोडावर येतो, म्हणजे नेमका तिथे, जिथे वायू सर्वांत तप्त आणि सर्वांत विषारी असतो. दोन बोल्ट असतील तर एक थोडा, दुसरा थोडा, असे आळीपाळीने आवळायचे. एकच आधी पुरता आवळला तर तबकडी तिरपी बसते. तबकड्यांमधले पॅकिंग दर वेळी नवे घालायचे. जुने एकदा दबले की दबले. ते घासून पुन्हा वापरणे ही बचत नव्हे.

स्प्रिंगच्या बोल्टांबद्दल त्यांनी एक गोष्ट दाखवली. आधीच्या कारागिराने स्प्रिंगा काढून टाकून साधे बोल्ट करकचून आवळले होते. हेतू चांगला होता, गळती थांबावी. पण इंजिन डुलते आणि जोड डुलत नाही, म्हटल्यावर एक तर पॅकिंग जाते, नाही तर नळीला तडा जातो. सैलपणा हा तिथे दोष नव्हता, ती सोय होती.

शेवटची परीक्षा. गार इंजिन चालू करून शेपटाशी जाड फडके क्षणभर धरले आणि जोडांवर साबणाचे पाणी टाकले. बुडबुडे आले तर गळती. मग गाडी फिरवून आणली, गार होऊ दिली आणि पुन्हा एकदा बोल्ट तपासले. आठवड्याभराने परत बोलावले. पहिल्या तापण्या-निवण्यात जोड थोडे सैल होतातच, तेव्हा ही दुसरी आवळणी टाळू नये.

अड्जस्ट कुठे करावे, कुठे करू नये

मग ‘अड्जस्ट’ करूच नये काय? करावे. हुक दोन-चार मिलिमीटर वाकवणे, रबराची लांबी बदलणे, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा जोड थोडा मागेपुढे करणे, हे सगळे रास्त आहे. मात्र आतली नळी पुरेशी आत गेलेली हवी. बाहेरच्या नळीच्या चिरा क्लॅम्पबाहेर उघड्या राहिल्या, तर तिथून वायू सुटणारच. तबकडीचे भोक कानशीने किंचित लांबवणेही एक वेळ चालेल, पण पॅकिंगची कड उघडी पडता कामा नये.

चालणार नाही ते असे : बोल्टच्या जोरावर फट मिटवणे. गळणाऱ्या जोडावर नुसता लेप थापणे. नव्या गाड्यांत नळीवर ऑक्सिजन सेन्सर असतो. सिलिकॉनचे काही लेप त्याला खराब करतात. सेन्सरच्या आधी गळती राहिली, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटते पेट्रोल कमी पडतेय, आणि इंजिनाचा संगणक आणखी पेट्रोल सोडू लागतो. ‘सायलेन्सर बदलल्यापासून अ‍ॅव्हरेज पडले’ या तक्रारीमागे हे असू शकते. तसेच, गाडीखाली वेल्डिंग करायची वेळ आली तर बॅटरीची तार सोडवायला सांगावे, अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जवळच लावायला सांगावा, आणि पेट्रोलची टाकी व नळी किती जवळ आहे ते आधी बघावे.

आणखी एक सल्ला हमखास मिळतो : ‘कन्व्हर्टरमधला दगड काढून टाकू, पिकअप वाढेल.’ तो दगड नव्हे, हे वर सांगितलेच आहे. जाळी वितळून तुंबली असेल तर ती बदलावी, आणि मुळात ती का वितळली हेही शोधावे. पण चांगली जाळी काढून रिकामा डबा जोडणे म्हणजे आपल्या मागच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर विष सोडणे. आपल्या देशात १९९५ साली चार महानगरांत नव्या मोटारींना कन्व्हर्टर आले, आणि त्याला चालणारे शिसेविरहित पेट्रोल २००० सालापासून देशभर मिळू लागले. एवढ्या खटाटोपाने आलेली वस्तू पान्याच्या दोन फेऱ्यांत काढून फेकू नये. कोणी स्वस्तात कन्व्हर्टर देत असेल तर आत जाळी आहे का हे प्रकाश टाकून पाहावे, आणि डब्यावर बाण असेल तर तो वायूच्या दिशेनेच आहे ना, हेही.

तरुण वाचकांसाठी दोन शब्द. माझ्या वर्गातली काही मुले मोठ्या आवाजाची नळी मुद्दाम लावून घेतात. नुसती जाड नळी लावून ताकद वाढत नाही, आवाज वाढतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत आवाज कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. ध्वनी आणि वायुप्रदूषणाची मानके मोडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते आणि लायसन्सही तीन महिने अपात्र ठरते. परंतु कायदा बाजूला ठेवला, तरी जी नळी गाडीच्या पत्र्याला घासत आहे आणि पुढच्या जोडाला ताण देत आहे, तिच्यावर बसून दोस्तांना गोव्याला नेणे शहाणपणाचे नाही.

घरच्यांनी लक्षात ठेवावे असे

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. धुराचा वास येतो तो त्याच्यासोबतच्या इतर वायूंचा. त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे ठीक आहे’ असे समजू नये. हा वायू रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो. डोके जड होणे, गरगरणे, मळमळणे, अवेळी गुंगी येणे ही त्याची लक्षणे. एकाच गाडीतल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असे वाटू लागले आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर उतार पडला, तर वळणांना दोष देऊ नये. गाडी थांबवावी, सगळ्यांनी खाली उतरावे, कोणी सुस्त असेल तर थेट दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांना गाडीतल्या धुराचा संशय बोलून दाखवावा. बंद गॅरेजात गाडी चालू ठेवू नये. सामान मावत नाही म्हणून मागचे दार उघडे टाकून जाऊ नये, त्याने मागचा धूर आत ओढला जातो.

सकाळी गार इंजिन चालू करताना बॉनेटकडून टिकटिक ऐकू येते आणि गाडी तापली की ती बंद होते, तर ती मॅनिफोल्डजवळची गळती असू शकते. धातू फुगून फट बुजते, पण दुरुस्त होत नाही. जोडाभोवती काजळी दिसणे ही तर सहीशिक्क्याची खूण.

गॅरेजात जाल तेव्हा एवढे विचारा : माउंटिंग पाहिले का? पॅकिंग आणि रबरे नवी घातली का? आवळायला सुरुवात पुढून केली का? बोल्ट सोडल्यावर नळी जागच्या जागी राहते, की उडी मारून बाजूला जाते? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. उडी मारत असेल, तर ती बसलेली नाही. चांगल्या मिस्त्रींना अशा प्रश्नांचा राग येत नाही. त्या दिवशी आमच्या प्रश्नांना मिस्त्रींनी हातातले काम थांबवून उत्तरे दिली, आणि निघताना आजींना सांगितले, ‘अज्जी, इन्न तलिनोवु बरंगिल्ल री. बंद्र नन्न हत्र बर्री.’ डोकेदुखी आता यायची नाही, आली तर माझ्याकडे या.

आजी त्यानंतर दोनदा गोव्याला जाऊन आल्या. नातू घाटभर बडबडत होता, असे कळले.